पाणी नसताना बंद

चंद्रकांत वझलवारांनी उभ्या आयुष्यात बिअरचा थेंब चाखला नव्हता, आणि विजेच्या बटणाशी त्यांचा संबंध ते दाबण्यापुरताच होता. तरी सत्तरी ओलांडल्यावर, ओटावाच्या कनाटा भागातल्या मुलाच्या घरी, गॅरेजमध्ये उन्हाळी टायरांच्या चळतीवर उशी टाकून ते सुनेच्या बिअरच्या खटाटोपाचे तपासनीस होऊन बसले.

"सुनेला दारू गाळायला मदत करताहेत म्हणे," त्यांची बायको शुभदा फोनवर बहिणीला सांगत असे. "नागपुरात कुठे बोलू नकोस बाई. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला कॅनडाचं पाणी लागलं."

"पाणी नाही, सातू," चंद्रकांत हळूच दुरुस्ती करत. दुरुस्ती करणं हा त्यांचा धर्मच होता. नागपूरच्या एका छापखान्यात त्यांनी सारी हयात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, उलटा पडलेला अक्षराचा खिळा. त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे, आणि जे सुटे ते छापून झाल्यावर जन्मभर टोचत राही. म्हणूनच ते फारसं बोलत नसत. बोललेलं मागे घेता येत नाही, आणि छापलेलं तर नाहीच नाही.

त्यांची सून उत्कर्षा वाढली मॉन्ट्रियलच्या पलीकडच्या ब्रॉसार्डमध्ये. घरात मराठी, शाळेत फ्रेंच, रस्त्यावर इंग्रजी, अशी तिन्ही पाणी एकत्र झालेली. कनाटातल्या एका कंपनीत ती इलेक्ट्रॉनिक्सचं काम करी आणि सुट्टीच्या दिवशी बिअर बनवी. आधी गॅसच्या शेगडीवर बनवायची. पण थंडीत गॅरेजचं दार बंद ठेवून गॅस पेटवायचा म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून तिने सगळं विजेवर घ्यायचं ठरवलं. मोड आणून वाळवलेले सातू भिजवायला एक पातेलं, उकळायला एक, गरम पाण्याला एक. आत विजेच्या बंबातल्यासारखे दांडगे हीटर. आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारी, भिंतीला टांगलेली एक करडी लोखंडी पेटी. तिला ती पॅनेल म्हणे.

मार्चमधल्या एका दुपारी चंद्रकांत तिला चहाला बोलवायला गॅरेजमध्ये गेले, तर ही बाई टेबलावर दहापंधरा स्विच मांडून, डोळे मिटून बसलेली. एकेक स्विच कानाशी धरायची, फिरवायची, ठेवून द्यायची. टक्. टक्.

"काय ऐकतेस?"

"हा खोटं बोलतो, बाबा." तिने एक चकचकीत स्विच त्यांच्या हातात दिला. "फिरवून बघा. हळू."

त्यांनी फिरवला. खटका पडण्याआधी दांडी मध्येच जरा थबकली.

"बघितलं? मध्येच उभा राहतो. चालू पण नाही, बंद पण नाही. हात ओले आहेत, वाफ आलीय, घाई आहे, तेव्हा मला कळणार कसं हा कुठल्या बाजूला आहे? आणि हा घ्या."

दुसरा स्विच काळा, जाडजूड, दिसायला अगदी ओबडधोबड. पण फिरवताच त्याने असा काही निःसंदिग्ध टक् केला, की चंद्रकांतांना त्यांच्या छापखान्याचे जुने मालक आठवले. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही.

चहा निवला. ते तिथेच टायरांवर टेकले.

त्या दिवसापासून त्यांना या पोरीच्या काम करण्याचं वेड लागलं. ती वस्तू निवडताना आधी किंमत बघत नसे की रूप बघत नसे. प्रत्येकीला ती एकच प्रश्न विचारी: तू मेलीस तर कशी मरशील?

"हा सॉलिड स्टेट रिले," तिने तळहाताएवढी काळी वडी उचलली. "आत हलणारं काही नाही, आवाज नाही. हीटरला वीज द्यायची, तोडायची, द्यायची, तोडायची, दिवसभर न थकता. फार गुणी. पण मरताना बहुतेक असा मरतो." तिने मूठ घट्ट मिटली.

"म्हणजे?"

"म्हणजे जळाला की वीज धरून ठेवतो. सोडतच नाही. तापमान बघणारा वरून ओरडत बसतो, थांब थांब, आणि हा मुडदा मूठ आवळून पडलेला. पाणी उकळतंय तर उकळतंय."

"मग असला कशाला घ्यायचा?"

"गुणी आहे ना! फक्त एकटा ठेवायचा नाही. याच्या आधी हा उभा करायचा." तिने टेबलावर एक ठोकळा आपटला. "कॉन्टॅक्टर. जुन्या वळणाचा गडी. आत लोहचुंबक आणि स्प्रिंग. चुंबकाची वीज गेली, की स्प्रिंग याचा हात उघडते. धाडकन आवाज करतो, तुमचा निमिष म्हणतो भूत आलं. पण मरताना सहसा हात उघडा टाकून मरतो."

"सहसा?"

ती हसली. "म्हणून त्याच्याही आधी ब्रेकर. आणि हा दोन हातांचा घेतलाय. तुमच्याकडे नागपूरला एक तार जिवंत, दुसरी मेलेली, हो ना? इथे हीटरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. एक तोडून समाधान मानलं तर दुसरी दबा धरून बसलेलीच."

चंद्रकांत ऐकत राहिले. आपण चूक होऊ नये म्हणून जन्मभर जीव मुठीत धरून जगलो, आणि ही मुलगी चूक होणारच असं गृहीत धरून कशी निवांत बसली आहे! प्रत्येक चुकीसाठी तिने आधीच एक पाट मांडून ठेवला होता. ये, बस, तू आलीस तर काय करायचं ते ठरलेलं आहे.

त्यांना स्वतःचं काम मिळालं ते मात्र योगायोगाने. टपालाने दोन काळे रिले आले होते. दिसायला जुळे भाऊ. एक हातात घेऊन चंद्रकांत बराच वेळ चष्म्याआडून बघत राहिले, मग चाचरत म्हणाले, "मला यातलं कळत नाही. पण या दोन लेबलांचे खिळे एक नाहीत. या चाराचं पोट बघ. आणि इथे दोन अक्षरांमधली जागा... कंपनी एकच असेल तर असं कसं?"

उत्कर्षाने भिंग लावलं. मग स्क्रू काढून दोन्ही उघडले. एकाच्या आतली पट्टी लिहिलेल्या भाराच्या निम्मासुद्धा भार पेलणार नाही इतकी पातळ निघाली. नकली माल.

तिने भिंग खाली ठेवलं. "बाबा, हा मी लावला असता. आजपासून या गॅरेजमध्ये कुठलीही वस्तू तुमच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पेटीत जाणार नाही. आणि अजून एक. इथे फक्त मराठी बोलायचं. माझं मराठी म्हणजे फोडणीचा भात झालाय. तुम्ही माझी भाषा नीट करा, मी तुम्हाला वीज शिकवते. रिले-बिले माफ. बाकी जो इंग्लिश बोलेल त्याने रात्रीची भांडी घासायची."

"इंग्लिश नव्हे, इंग्रजी," चंद्रकांत म्हणाले.

"झालं सुरू!"

या घरात सगळे त्यांची काळजी घेत. बाबा, जॅकेट घाला. बाबा, बर्फावर जाऊ नका. पण त्यांच्याकडून काही हवं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. ती टायरांवरची जागा त्यांना एकाएकी फार मोलाची वाटू लागली. वस्तूबरोबर येणारी माहितीची पत्रकं ते वाचत आणि मराठीत सांगत. तिचे दोन्ही हात तारांमध्ये अडकलेले असत, तोंडात स्क्रू, कपाळावर दिवा. सांगितलेलं ऐकून ती "हूं" करी आणि पुढे जाई.

तसाच एके दिवशी तो तरंगता स्विच आला. बोटाएवढी दांडी आणि तिच्यावर वरखाली सरकणारा एक गोळा. हा पातेल्यात, हीटरच्या जरा वर बसवायचा. पाणी असलं तर गोळा तरंगणार, नसलं तर खाली पडणार. पाणी नसताना हीटर चालू झाला तर क्षणात जळून खाक, म्हणून हा चिमुकला पहारेकरी. तो स्वतः हीटरची वीज पेलत नाही. फक्त कॉन्टॅक्टरच्या चुंबकाची वीज याच्या हातातून जाते.

"गोळ्यावर एक खूण आहे," उत्कर्षा तोंडातल्या स्क्रूंमधून बोलली. "ती वर ठेवायची का खाली? दोन्ही प्रकारे बसतो तो."

पत्रकाच्या एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. चंद्रकांतांनी इंग्रजी दोनदा वाचलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "खूण वर असेल तर पाणी नसताना बंद. खूण खाली असेल तर पाणी नसताना उघडा."

"म्हणजे खूण वर. पाणी नसताना बंदच हवाय मला." तिने गोळा तसा बसवला, कडी लावली. चंद्रकांतांनी चिकटपट्टीच्या चिटोऱ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, "पाणी नसताना बंद", आणि तारेवर चिकटवलं. अक्षर छान आलं होतं. स्वतःच्या कामावर खूश होण्याची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी जरा जास्त भात घेतला.

एप्रिल आला. ड्राइव्हवेच्या कडेला उरलेला काळा बर्फ थेंबाथेंबाने खचू लागला. रविवारी उत्कर्षाच्या बिअर मंडळाची माणसं पॅनेल बघायला येणार होती, म्हणून शनिवारी दुपारी पेटीला पहिली वीज द्यायचं ठरलं. तिने टेबल आवरलं, हातमोजे काढले. पातेलं कोरडं होतं, स्विच त्यात बसवलेला, शेजारी टेबलावर दोन जुने पिवळे बल्ब. पेटीच्या दारावर वीज सोडायची एक किल्ली, तिच्या शेजारी काळे, जाड, हो म्हणजे हो म्हणणारे स्विच.

तेवढ्यात तिचं लक्ष आतल्या जिन्याकडे गेलं. नवरा बेसमेंटमधून वर आला होता आणि खाली सगळा लखलखाट तसाच.

"निमिष! फर्म ला ल्युमिएर!"

"कायदा मोडला!" आतून निमिष ओरडला. "आज भांडी तुझी!"

"मी बेसमेंटशी बोलले! कायदा गॅरेजपुरता आहे!"

"तोंड तर गॅरेजमध्ये होतं ना? बाबा, निकाल द्या!"

चंद्रकांत हसले. "पण म्हणालीस काय तू?"

"दिवा बंद कर. ब्रॉसार्डला सगळे असंच म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला तर 'दिवा मीट'. लहानपणी मी इंग्रजीत पण तसंच म्हणायचे, क्लोज द लाइट. सगळा वर्ग हसायचा. मला कळायचंच नाही, आई पण दिवा बंद कर म्हणते, शेजारीण पण तेच म्हणते, मग इंग्रजीलाच काय धाड भरली?"

ती हसत हसत पेटीकडे वळली आणि एकेक स्क्रू शेवटचा पिळून बघू लागली.

चंद्रकांत मात्र हसता हसता थांबले. दिवा मीट. दार मीट. डोळे मीट. मूठ मीट.

मूठ मिटली की काय होतं? तिने त्यांच्यासमोर मिटून दाखवली होती. मूठ मिटली की वीज धरली जाते. मिटलेला स्विच म्हणजे वीज चालू. इंग्रजीत त्यालाच क्लोज्ड म्हणतात. आणि आपण त्याला काय म्हटलं? बंद.

पत्रक चष्म्याच्या घरातच होतं. त्यांनी काढून वाचलं. खूण वर, कोरडं असताना क्लोज्ड. भाषांतर शंभर टक्के बरोबर होतं. बंद म्हणजे क्लोज्डच. पण उत्कर्षाने ऐकलं होतं दुसरंच बंद, दिव्याचं बंद, दुकानाचं बंद. तिला जे हवं होतं नेमकं त्याच्या उलट त्या गोळ्याने धरलं होतं.

की तसं नाही? त्यांनी पुन्हा वाचलं. ती इंजिनिअर आहे. तिला एवढं कळलं नसेल? आपण काही बोलायचं आणि तिने समजावून सांगायचं, बाबा, तसं नसतं ते. म्हातारं शेवटच्या घटकेला लुडबुड करतंय. आणि आपलं बरोबर निघालं तर? तर जास्तच वाईट. ज्याच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय वस्तू पेटीत जायची नाही, त्यानेच चूक आपल्या सुबक अक्षरात लिहून तारेवर डकवली. मग कोण कशाला पुन्हा पत्रक हातात देईल? बाबा, तुम्ही आत बसा, थंडी आहे.

चहा करून आणतो, असं म्हणून उठावं, आणि परत येताना सहज विचारावं का? पण उत्कर्षाने पेटीची वायर भिंतीत खोचली होती, आतला पंखा फिरू लागला होता आणि तिचा हात किल्लीवर गेला होता.

"थांब," ते म्हणाले. पेटीतल्या पंख्याच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"उत्कर्षा, थांब!"

एवढ्या मोठ्याने ते या घरात काय, नागपुरातही कधी ओरडले नसतील. उत्कर्षा गर्रकन वळली. स्वयंपाकघरातून शुभदाचा आवाज आला, "काय झालं हो? पडलात का?"

"नाही! मी... बंद!" चंद्रकांत उभे राहिले होते. "माझं बंद म्हणजे मूठ. तुझं बंद म्हणजे दिवा. मी मूठ लिहिली, तू दिवा वाचलास. कदाचित मी चुकत असेन. मला यातलं कळत नाही. पण मला वाटतं तो गोळा उलटा बसलाय."

तिने पत्रक घेऊन वाचलं. ओठ पुटपुटले. आधी इंग्रजी, मग मागची फ्रेंच बाजू.

"बघूया," ती म्हणाली, आणि चंद्रकांत नको नको म्हणेपर्यंत तिने किल्ली फिरवली.

धाड! कॉन्टॅक्टर ओढला गेला, आणि कोरड्या पातेल्याशेजारचे ते दोन पिवळे बल्ब पेटले.

चंद्रकांतांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. काही फुटलं नाही, जळका वास आला नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

"उलटाच आहे," उत्कर्षा बल्बांकडे बघत शांतपणे म्हणाली. किल्ली परत फिरवली, भिंतीतली वायर उपसून बाजूला ठेवली. "पाणी नाही आणि हे पेटले. तुमचं बरोबर आहे, बाबा."

"पण हीटर..."

"हीटर तो काय, अजून खोक्यात. त्याच्या जागी हे बल्ब जोडलेत. पहिल्या दिवशी मी खरं ओझं कधीच देत नाही. काहीतरी चुकलेलं असणारच, ते बल्बावर कळू दे."

चंद्रकांत टायरांवर बसले. मघाशी भीतीने बसली होती ती पाचावरची धारण सुटली आणि तिच्या जागी शरम आली. त्यांना वाटलं होतं ते बल्ब उजेडासाठी आहेत.

"मग मी उगाच घर डोक्यावर घेतलं. तुला बल्बांनी सांगितलंच असतं."

"बल्ब म्हणाले असते, चूक आहे. कुठे आहे ते थोडंच म्हणाले असते? मी आधी कॉन्टॅक्टर उघडला असता. मग तारा. मग गोळा पाठवणाऱ्याला शिव्या, तीन भाषांत. उद्या मंडळ येऊन बसलं असतं आणि मी पेटीत डोकं घालून. त्या चिट्ठीवर मी संशयच घेतला नसता, कारण तिच्यावर तर मला हवं तेच लिहिलं होतं!" बोलता बोलता तिला हसू फुटलं. "काय शब्द आहे हो तुमचा! एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभा. त्या दिवशी म्हटलं ना, खोटं बोलणारा स्विच? हा त्याचा बाप."

"शब्द खोटा नाही," चंद्रकांत चटकन म्हणाले. इथे मात्र त्यांना गप्प बसवेना. "मी तो चुकीच्या जागी ठेवला."

"आणि मी हूं केलं. मला मूठ-हात सगळं माहीत असून. अर्धी चूक माझी."

तिने पातेल्यात हात घातला, कडी काढली, गोळा उपसून उलटा केला, पुन्हा दांडीवर सरकवला, कडी लावली. एवढंच. जी चूक चंद्रकांतांना छातीवरच्या धोंड्यासारखी वाटली होती, ती तिने भाकरी उलथावी तशी उलथून टाकली. मग पुन्हा वीज, पुन्हा किल्ली. बल्ब काळेच राहिले. तिने नळीने पातेल्यात पाणी सोडलं. गोळा डुचमळला, उचलला गेला, आणि धाड! बल्ब पेटले. पाणी काढलं, विझले. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. एकदा बरोबर आलं यावर तिचा विश्वास नव्हता. चंद्रकांत बघत होते. अशी मुद्रितं तपासणारा माणूस त्यांना छापखान्यात एकही भेटला नव्हता, आणि आरशातही नाही.

"आता तुम्ही शब्द द्या," तिने हात पुसत म्हटलं. "बंद चालणार नाही. उघडा पण नाही."

त्यांनी मूठ मिटली, उघडली. "जोडलेला," शेवटी म्हणाले. "आणि तोडलेला."

"पाणी नसताना तोडलेला." तिने बोलून बघितलं, स्विच फिरवून बघावा तसं. "टक्. मध्ये कुठे उभा राहत नाही. लिहा."

त्यांनी जुनी चिट्ठी सोलून काढली, नवी लिहिली. ते उठले, गुडघे चोळले आणि आतल्या दाराकडे निघाले. काम झालं होतं. उद्या तिची माणसं येणार, त्यांच्यात आपण कशाला?

"कुठे?" उत्कर्षाने विचारलं.

"आत. तुला... आता वाचायला दुसरं कुणी बघ. निमिषचं इंग्रजी चांगलं आहे."

"निमिष? तो पत्रकं वाचत नाही, थेट बटण दाबतो!"

"ऐकू आलं!" आतून निमिष.

तिने टेबलाखालून एक खोकं ओढलं. आत बिअर एका पातेल्यातून दुसऱ्यात नेणारा पंप होता आणि त्याचा दाबावर चालणारा स्विच, वर घडी केलेलं पत्रक. तिने ते त्यांच्यापुढे धरलं. "आज चूक कुणाच्या तोंडून गेली याच्याशी मला काही घेणं नाही, बाबा. चुका सगळेच करतात. केल्यावर 'थांब' म्हणून ओरडणारं माणूस मला इथे हवंय. बसा. हा कधी जोडलेला असतो ते सांगा."

चंद्रकांतांनी पत्रक घेतलं. घडी उलगडली, पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तोंडाशी मराठी वाक्य तयार झालं होतं, नेहमीसारखं स्वच्छ. त्यांनी ते गिळलं. टायरांकडे न जाता ते टेबलापाशी गेले, पत्रक बाजूला ठेवलं आणि बाही वर सारली.

"आधी हा उघडून दाखव मला," ते म्हणाले. "आतला हात कुठे आहे ते बघतो, मग सांगतो."

उत्कर्षाने त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.